नशराच्या वतीने

दिलशादचाचीला देवाने गळा दिला आणि त्याबरोबर खोड्या काढायची हौसही दिली. पनवेलच्या वडाळे तलावाच्या मागच्या गल्लीत आमची जुनी इमारत आहे. तळमजल्यावर मी आणि माझी बालवाडी, दुसऱ्या मजल्यावर चाची. एकदा तिने जिन्यात उभं राहून आमचे सेक्रेटरी दयारामभाऊ यांच्या आवाजात 'मोटार जळतेय, नळ बंद करा' असा पुकारा केला आणि खुद्द दयारामभाऊंच्या बायकोने धावत जाऊन नळ बंद केला. लग्नघरी मेंदीच्या दिवशी बायका तिला मुद्दाम मधोमध बसवायच्या. मुलीची सासू कशी टोमणे मारते, मुलाची फुफू, म्हणजे आत्या, नाकातून कशी हसते, काझीसाहेब निकाह लावण्याआधी कसे खाकरतात, सगळं ती हुबेहूब करायची. जिची नक्कल व्हायची तीच आधी हसायची, कारण चाचीच्या नकलेत विखार नसायचा.

नवरा लवकर गेला. लग्नाच्या आणि रमजानच्या ऑर्डरी घेऊन, वाफेवरचं गोड सांदण आणि तांदळाच्या भाकऱ्या करून तिने एकुलत्या नावेदला वाढवलं. नावेद आता मस्कतला आहे. मोठमोठ्या इमारतींत एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट छताला टांगायचं त्याचं काम. चाची त्याच्या कामाबद्दल फार सांगत नाही. 'उंचावर असतो' एवढंच म्हणते आणि विषय बदलते. त्याची बायको जास्मीन उरणची, शांत, विचारल्याशिवाय न बोलणारी. त्यांची मुलगी नशरा. ती रांगत होती तेव्हा नावेद सुट्टीवर येऊन गेला. त्यानंतर त्याने मुलगी पाहिली ती फोनमध्येच.

तान्ह्या मुलाच्या वतीने बोलायची रीत आपल्याकडे घरोघरी आहे. 'आमाला नको तुमचं दूदू', 'आमी आजीवर रुसलो' असं आजीच बोबडं बोलते आणि आजीच त्याला उत्तर देते. माझ्या आईने आमच्या गावी चिरनेरला तेच केलं, माझ्या मुलाच्या वेळी मीही केलं. मूल स्वतः बोलायला लागलं की हा खेळ आपोआप बंद होतो. चाचीच्या घरी तो बंद झाला नाही, कारण नशरा बोलायला लागलीच नाही.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. झालं होतं असं. नावेदला शुक्रवारी सुट्टी असते, त्यामुळे शुक्रवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल ठरलेला. तळोज्याला त्याच्या चुलतभावाचा यासीन म्हणून मुलगा आहे, नशराच्याच वयाचा. तो सलाम करतो, अब्बाला हाक मारतो, त्याचे व्हिडिओ मस्कतपर्यंत पोचलेले. एका शुक्रवारी नावेदने विचारलं, ही अजून अब्बा म्हणत नाही का? नशरा जास्मीनच्या मांडीवर बोटं चोखत बसली होती. चाची फोनच्या मागे भाकऱ्यांचं पीठ मळत होती. तिच्या तोंडून सवयीने बोबडा 'अब्बा' निघून गेला. जास्मीनला हसू आलं. पण समोर नावेद रडत होता, आणि खोलीतल्या दोस्तांना बोलावून सांगत होता की माझी पोरगी बोलली. अशा वेळी कोण सांगणार की ती तुझी पोरगी नव्हती, तुझी आई होती?

पुढच्या शुक्रवारी त्याला पुन्हा तेच ऐकायचं होतं. मग 'अब्बा'चं 'अब्बा या' झालं, 'अब्बा या'चं 'अब्बा, मला बाहुली आणा' झालं. चाचीने चार नातेवाइकांची पोरं वाढताना पाहिलेली, त्यामुळे कुठल्या वयाला मूल किती बोलतं ते तिला बरोबर ठाऊक. फोनमधली नशरा अगदी वेळच्या वेळी मोठी होत होती. दोन वर्षांची झाली तेव्हा दोन शब्द जोडायला लागली, मग छोटी वाक्यं, मग 'हे काय, ते काय' असे प्रश्न. मस्कतच्या कॉलवर तसेही ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो. संशय यायला जागाच नव्हती. शुक्रवारी जिन्यातून जाताना मलाही तो आवाज ऐकू यायचा. चाचीच्या नकला मी जन्मभर ऐकलेल्या, तरी मला वाटायचं, पोरगी काय चुरूचुरू बोलते.

तिसरं वर्ष पुरं होत आलं तशी जास्मीन तिला माझ्या बालवाडीत घेऊन आली. पहिल्या दिवशी नशरा रडली नाही. सँडल काढून नीट जोडीने ठेवले, कोपऱ्यातली खेळण्यातली लाकडी कडी उचलली आणि त्यांच्या छोट्या खांबावर लहानमोठ्याच्या क्रमाने चढवायला बसली. जिना चढताना एका पायरीवर एकच पाय टाकायची. पेन्सिल चिमटीत धरून बऱ्यापैकी गोल काढायची. कोणी पडलं तर जाऊन त्याच्या तोंडाकडे निरखून बघायची. नुसतं बोलत मात्र नव्हती. मी म्हटलं, घरात वाघ आणि बाहेर शेळी अशी पुष्कळ पोरं असतात, रुळेल. हाक मारली तर बघायची नाही, तेव्हा मला वाटलं, लाडावलेली आहे, भाव खाते. दोनदा रागावलेसुद्धा. ती माझा चेहरा बघून रडायला लागली.

एके दिवशी सकाळी गल्लीतून कोणाची तरी वरात निघाली. आधी बँड, मग एकदम फटाक्यांची माळ. पोरं किंचाळत खिडकीकडे पळाली, एक तर माझ्या साडीत शिरला. नशरा कडी चढवत बसली होती. तिने मान वर केली ती पोरं पळताना दिसली तेव्हा. हातातलं कडं खाली ठेवून तीही त्यांच्या मागे गेली. ती पोरांच्या मागे धावली होती, आवाजाच्या मागे नाही.

सगळी पोरं खेळात असताना मी तिच्या मागे उभी राहिले आणि नावाने हाक मारली. मग जरा मोठ्याने. मग स्टीलच्या ताटावर चमचा आपटला. बाकीची सगळी वळली, नशराची वेणी हललीसुद्धा नाही. मी जमिनीवर पाय आपटला आणि तिच्या पायाखाली हादरा गेला तेव्हा मात्र ती झटकन वळली आणि माझ्याकडे बघून हसली. ते हसू बघून मला जास्तच भीती वाटली. आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं की या वयाच्या मुलाने स्वतःचं नाव सांगावं, पाणी मागावं, 'बाटली घे आणि मला दे' म्हटलं तर दोन्ही करावं, आणि यातलं काही होत नसेल तर आधी कान बघावेत. मी ते सगळं पाठ करून बसले होते आणि समोरच्या पोरीला हट्टी म्हणत होते.

दुपारी जास्मीन न्यायला आली तेव्हा मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा भांडेल. ती भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, तिला कित्येक महिन्यांपासून शंका होती. नशरा खेळत असली की ती मागून भांडं पाडायची. कुकरची शिटी व्हायची वेळ झाली की गॅस सोडून पोरीच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. दाराची बेल स्वतःच बाहेर जाऊन वाजवायची आणि फटीतून बघायची. एखाद्या वेळी नशरा नेमकी तेव्हाच वळायची. मग जास्मीन दोन दिवस सुखाने जेवायची, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा भांडं पाडायची.

मी म्हटलं, अगं पण शुक्रवारी वरती बोलतं कोण मग?

तेव्हा तिने मला सगळं सांगितलं.

मी तशीच जिना चढून वर गेले. माझा राग माझ्या आधी पोचतो, हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. चाची खोबरं किसत होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि नावेद लहानपणी किती उशिरा बोलला ते सांगायला लागली. देर आये दुरुस्त आये म्हणाली. पोरगी किती हुशार आहे, आपली चप्पल आपण ओळखते, कुठला डबा कुठे असतो तेही तिला ठाऊक आहे, बहिऱ्या पोरीला एवढं कळेल का, असं मलाच विचारलं. मी म्हटलं, कळेल, डोळे शाबूत आहेत तिचे. तेव्हा तिने किसणी खाली ठेवली.

"रंजिता, तो तिथं शिडीवर उभा राहून काम करतो," ती म्हणाली. "त्याच्या बाजूचा एक पोरगा वरनं पडला, कंबरेतनं गेला. डोक्यात असं काय शिरलं आणि हात सुटला, तर मी काय करू?"

तिची भीती काही उगाचची नव्हती. शेवटी असं ठरलं की नावेदला आत्ता काही कळवायचं नाही, पण तपासणी आधी करून घ्यायची.

नवीन पनवेलला कानाच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी पोरीला बघितलं आणि झोपेतली तपासणी करायला सांगितली. कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचतं ते यंत्रावर बघतात. मूल गाढ झोपलेलं हवं, म्हणून सकाळी लवकर उठवा आणि येईपर्यंत अजिबात झोपू देऊ नका, असं बजावलं होतं. आम्ही तिघी तिला घेऊन रिक्षात बसलो. पुलावर गाडी अडकली आणि वाऱ्याने नशराचे डोळे मिटायला लागले.

चाचीने तिला मांडीवर घेतलं आणि सुरू झाली. कोंबडा झाली, बोकड झाली, दयारामभाऊ झाली. मेंदीची गाणी म्हणाली. रिक्षावाला आरशातून बघून हसत होता. नशरा आजीच्या छातीवर डोकं टेकून पेंगत होती. चाचीने आवाज वाढवला. बाजूच्या बसमधली माणसं खाली वाकून बघायला लागली. पोरीच्या कानाशी तोंड नेऊन चाची तिचं नाव घेत होती, आणि पोरीच्या पापण्या सावकाश खाली येत होत्या. मग एकदम चाची थांबली. माझ्याकडे बघितलं नाही, जास्मीनकडे बघितलं नाही. बाटलीतलं पाणी बोटांवर घेऊन तिने नशराच्या गालाला लावलं, आणि पोरीने डोळे उघडले. तिथून दवाखाना येईपर्यंत चाची तिच्या तळपायांना नुसत्या गुदगुल्या करत राहिली. तपासणीत जे निघायचं ते निघणार होतं, पण चाचीला ते पुलावरच कळलं.

दोन्ही कान. फार मोठा आवाज असेल तर काहीतरी पोचत असेल, बोलणं नाही. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. आधी दोन्ही कानांना यंत्रं, रोज बोलायला शिकवणाऱ्या ताईंकडे जायचं, घरी दिवसभर तिच्या समोर बसून तिच्याशी बोलायचं. यंत्रांनी पुरेसं साधलं नाही तर ऑपरेशनचा विचार, पण तोही लगेच. भाषा शिकायची हीच वर्षं असतात, त्यातली बरीच हातची गेली आहेत, आता वेळ घालवू नका. आणि हे एकट्या आईचं काम नाही, वडिलांनीही शिकायला हवं, लांब असले तरी फोनवर शिकायला हवं. मग त्यांनी विचारलं, वडिलांना कल्पना आहे ना? जास्मीनने सासूकडे बघितलं. चाची नशराच्या फ्रॉकची बटणं लावत बसली, ती आधीच लावलेली होती.

कानाचं माप दिलं. यंत्रं यायला वेळ होता. मला वाटलं होतं, आता तरी चाची नावेदला खरं सांगेल. पण पुढच्या शुक्रवारी जिन्यातून पुन्हा तोच बोबडा आवाज आला. जास्मीन खाली येऊन माझ्याकडे रडली. अम्मी म्हणतात, यंत्रं लागू दे, पोरगी दोन शब्द बोलू दे, मग सांगू, तेव्हा त्याला एवढं लागणार नाही. म्हणजे खोटं खरं होईपर्यंत थांबायचं, असा चाचीचा हिशेब. जास्मीनची अवस्था बघवत नव्हती. डॉक्टर म्हणतात वेळ घालवू नका, सासू म्हणते थांब, आणि नवरा विचारतो, पोरगी शाळेत काय शिकली.

मग नावेदने मलाच फोन केला. बालवाडीच्या पाटीवरचा नंबर त्याने जास्मीनकडून घेतला होता. आधी बिचाऱ्याने माझी, माझ्या मुलाची चौकशी केली. मग म्हणाला, "बाई, आमची नशरा वर्गात लय बडबड करत असंल ना? तुमाला त्रास देते काय?" आणि स्वतःच हसला. त्या हसण्यात केवढा अभिमान होता. खोटं मला जमत नाही, खरं सांगायचा अधिकार माझा नव्हता. अजून रुळायची आहे, एवढंच म्हटलं. तो म्हणाला, घाबरत असेल, तुम्ही तिला बाहुलीबद्दल विचारा, मग बघा कशी बोलते.

फोन ठेवला आणि तडक वर गेले. जास्मीन नशराला भरवत होती. मी चाचीला म्हटलं, "चाची, या पोरीला दोन शब्द यायला वरीस लागेल, नाहीतर जास्त. तोवर तुमची फोनमधली नशरा कविता म्हणायला लागेल. नावेदने जीव लावायचा कोणत्या मुलीला?"

मला वाटलं ती चिडेल. ती नशराकडे बघत राहिली. पोरगी घास गिळून तोंड उघडत होती आणि जास्मीनचे ओठ निरखत होती.

"आणि ही त्याला आवडली नाय तर?" चाची म्हणाली.

इतके दिवस ती शिडीचं कारण सांगत होती. तेही खरंच होतं, पण त्याच्या खाली हे होतं. मला तिचा एवढा राग आलेला, तो कुठे गेला कोण जाणे. मी तिच्या शेजारी बसले आणि नशराचं जेवण संपेपर्यंत तिथेच राहिले.

शुक्रवारी तिने मला वर बोलावलं. नावेदला आधी निरोप पाठवला होता की खोलीवर असशील तेव्हाच फोन कर आणि जमिनीवर बसून कर. त्यामुळे तो घाबरलेलाच होता. चित्र आल्याआल्या विचारायला लागला, काय झालं, जास्मीन बरी हाय ना, तुझा बीपी वाढला काय? आज चाची फोनच्या मागे नव्हती. ती नशराला मांडीवर घेऊन समोर बसली होती. जास्मीन फोन धरून होती.

"नावेद, नशराला ऐकू येत नाय," चाची म्हणाली. "दोनी कान. ती आजपर्यंत एक शब्द बोलली नाय. फोनवर बोलायची ती मी."

चित्र अडकलं असं मला वाटलं, पण नावेदच्या मागे पंखा फिरत होता. चाची न थांबता बोलत गेली. पहिला 'अब्बा' कसा निघाला, मग थांबता कसं आलं नाही, जास्मीनने किती वेळा सांगितलं, तपासणीत काय निघालं. यंत्रांचं बोलताना तिचा आवाज फुटला. पुढचं जास्मीनने सांगितलं, डॉक्टरीणबाईंच्याच शब्दांत, काहीही न वगळता. नावेद ओरडेल, फोन बंद करेल, असं मनात धरून मी दाराशी उभी होते. त्याने एकदा तोंडावरून हात फिरवला. यंत्र लावलं तर माझा आवाज तिला ऐकू येईल काय, असं विचारलं. जास्मीन म्हणाली, थोडा येईल, मग शिकावं लागेल. त्याने मान हलवली.

मग तो पोरीकडे बघत राहिला. पोरगी पडद्यावर बोट ठेवून त्याचं नाक शोधत होती.

"मग हिचा आवाज कसा हाय, अम्मी?"

चाचीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिला सांगता येईना. या घरात नशराच्या आवाजाकडे कोणी कधी लक्षच दिलं नव्हतं. फोन आला की तिच्या हातात बिस्कीट द्यायचं, म्हणजे ती गप्प राहायची, आणि बाकीच्या वेळी ती जे काही करायची त्याला आम्ही सगळे 'बोलत नाही' असं म्हणायचो.

नशराला फोन हवा होता. तिने दोन्ही हात पुढे केले. जास्मीनने फोन मागे घेऊन उंच धरला. पोरगी उठून उभी राहिली, पंजांवर उंच झाली, आणि तिच्या गळ्यातून एक जाड, लांबलचक, वर चढत जाणारा आवाज निघाला. त्यात शब्द नव्हता, पण काय हवंय ते कळत होतं.

मस्कतला तो ऐकणारा माणूस डोळे मिटून बसला होता. आवाज संपला तसे त्याने डोळे उघडले.

"अजून एकदा," तो म्हणाला.

जास्मीनने फोन पुन्हा उंच धरला.